नोटांच्या पुडक्याची बंधनपट्टी : उष्णता, दाब आणि मोजणीची साक्ष

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील बुरोंडी हे समुद्रकाठचे, मुख्यतः मच्छीमारीवर जगणारे गाव. तेथील मासळीच्या व्यवहारात फिरणारी दहाची वा शंभराची नोट आणि मुंबईच्या एखाद्या कार्यालयात फिरणारी तीच नोट यांचे मूल्य अर्थात एकच. परंतु पदार्थ म्हणून पाहू गेल्यास त्या दोहोंत पुष्कळ अंतर पडते. भारतीय नोटेचा कागद संपूर्णपणे कापसाच्या तंतूंचा असतो आणि कापूस हा हवेतील बाष्प सहज शोषून घेतो. त्यात ओल्या हातांवाटे व खाऱ्या वाऱ्यावाटे समुद्राचे मीठ नोटेवर बसते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळू लागते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच तसे करते. यामुळे किनाऱ्यावरची नोट वर्षाचा बराच काळ किंचित दमट राहते. अशा शंभर नोटा एकत्र करून त्यांचे पुडके बांधावयाचे म्हणजे काय करावयाचे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

पुष्कळ वर्षे या प्रश्नाचे उत्तर लोखंडी तार हेच होते. शंभर नोटा मोजून झाल्या की त्यांच्या डाव्या कडेस टाचयंत्राने पिना मारल्या जात. बँकेतील रोखपालास हे बंधन प्रिय होते आणि त्याचे कारण उघड आहे : पिनेने टाचलेल्या पुडक्यातून मधली नोट काढून घेतल्यास भोक फाटते आणि लबाडी डोळ्यांना दिसते. पिना जागच्या जागी असल्या की आतील शंभराची मोजणी शाबूत आहे, असे मानण्यास आधार मिळे. त्याची किंमत मात्र नोट भरीत असे. प्रत्येक फेऱ्यात नवी भोके पडत, कड फाटे, आणि दमट खाऱ्या हवेत क्लोराइडच्या संगतीने तारेवर गंज चढून त्याचा तांबूस डाग कागदात उतरे. पिना उपटताना होणारी इजा ती निराळीच.

भारतीय रिझर्व्ह बँकेने जानेवारी १९९९ मध्ये स्वच्छ नोटांचे धोरण जाहीर केले. त्यानंतर नोव्हेंबर २००१ मध्ये बँकिंग विनियमन अधिनियमाच्या कलम ३५ अ खाली बँकांना निदेश देण्यात आला, की नोटांची पुडकी पिनांनी टाचू नयेत, त्याऐवजी कागदी पट्ट्या वापराव्यात. या बदलामागे केवळ नोटेच्या आयुष्याचा विचार नव्हता. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांत नोटांची छाननी करणारी मोठी यंत्रे येऊ लागली होती. ती ताशी ५० ते ६० हजार नोटा तपासतात, आणि टाचलेली नोट त्यांच्या वेगापुढे टिकू शकत नाही. पुडके सुटे करण्यास माणसाचे दहा सेकंद लागत असतील, तर यंत्राचा वेग कागदावरच राहतो.

पिनेची जागा पट्टीने घेतली, म्हणजे पिनेचे कामही पट्टीवर आले. हे काम दुहेरी आहे. शंभर नोटांचे एक पुडके आणि अशा दहा पुडक्यांचे, म्हणजे हजार नोटांचे, एक बंडल अशी भारतीय बँकांची रीत आहे. पट्टीने नोटा एकत्र धराव्यात हे पहिले काम. मोजणीची साक्ष द्यावी हे दुसरे. पट्टीवर रोखपालाची सही, शिक्का व दिनांक असतो तो याचसाठी. नव्या नोटांच्या बाबतीत ही साक्ष आणखी पुढे जाते. छपाईत सदोष निघालेल्या नोटेऐवजी क्रमांकात तारांकन असलेली नोट घालण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये रु. १०, २० व ५० च्या नोटांपासून सुरू केली. तेव्हा अशा पुडक्यांत नोटा क्रमाने नसणार, हे सांगण्याचे काम पट्टीवरील मजकुराकडेच सोपविण्यात आले. मात्र पट्टीवर काय लिहिले आहे याला अर्थ तेव्हाच राहतो, जेव्हा पट्टी न तोडता आतील नोट बाहेर काढता येत नाही. पिनेच्या बाबतीत ही हमी भोक देत असे. पट्टीच्या बाबतीत ती केवळ घर्षण देते.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. पट्टीतील ताण २० न्यूटन आहे असे मानू. पट्टीचा फेर पुडक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली जातो. म्हणून पुडक्यावर पडणारे दाबबल त्याच्या दुप्पट, म्हणजे ४० न्यूटन होते. मधली नोट ओढू गेल्यास तिच्या दोन्ही पृष्ठांवर घर्षण होते. कागदाचा कागदाशी घर्षणांक ०.४ धरल्यास विरोध २ × ०.४ × ४०, म्हणजे ३२ न्यूटन येतो. सव्वातीन किलोग्रॅम वजन उचलण्याइतके हे बल आहे. दोन बोटांच्या चिमटीत नोट धरून एवढ्या जोराने ओढली तर शेजारच्या नोटा हलतात, कड दुमडते, आणि कृत्य लपत नाही. आता पट्टीचा ताण काही कारणाने ५ न्यूटनवर उतरला असे समजा. विरोध ८ न्यूटन उरतो आणि नोट मुकाट्याने निघून येते. पट्टी अखंड, शिक्का अखंड, सांधाही अखंड. मोजणी मात्र खोटी. तेव्हा बंधनयंत्राची खरी कसोटी सांधा किती पक्का बसला ही नव्हे, तर पुडक्यातील दाब किती काळ टिकला ही होय. यंत्राचे वर्णन वाचताना हे ध्यानात ठेवले, तर त्याच्या एरवी क्षुल्लक वाटणाऱ्या भागांचे प्रयोजन कळते.

यंत्राच्या कार्याचा क्रम असा. नोटांची चळत दोन कडांवर ठोकून सरळ केली जाते. मग वरून एक पाटा उतरून ती दाबतो. वापरलेल्या नोटांच्या चुण्यांमध्ये पुष्कळ हवा असते. ती या दाबाने बाहेर पडते आणि चळतीची जाडी लक्षणीय उतरते. त्यानंतर पट्टीचे टोक चिमट्यात धरून पट्टी नोटेच्या आखूड बाजूने चळतीभोवती फिरविली जाते. रु. ५० ते रु. ५०० पर्यंतच्या आजच्या नोटांची रुंदी एकच, म्हणजे ६६ मिलिमीटर आहे, फक्त लांबी बदलते. त्यामुळे मूल्य बदलले तरी पट्टीच्या फेराची लांबी बदलावी लागत नाही. पट्टी फिरल्यावर उलट ओढ देऊन ती ताणतात, टोकांवर टोक चढवितात, तेथे तापलेला ठोकळा क्षणभर टेकतो, पट्टी कापली जाते, आणि शेवटी वरचा पाटा उठतो. हे सारे काही सेकंदांत उरकते.

पट्टी कागदाची असली तरी तिच्या आतल्या बाजूस पॉलिएथिलीनसारख्या बहुवारिकाचा अत्यंत पातळ लेप असतो. पॉलिएथिलीन हे तापविल्यावर मऊ होणारे व निवल्यावर पुन्हा घट्ट होणारे प्लॅस्टिक आहे. इंग्लंडमध्ये इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत १९३३ मध्ये गिब्सन व फॉसेट या रसायनज्ञांना एथिलीन वायूवर अतिशय मोठा दाब दिला असता ते अनपेक्षितपणे हाती लागले. त्याचा कमी घनतेचा प्रकार साधारणतः १०५ ते ११५ अंश सेल्सियस तापमानास वितळतो. कागद त्या तापमानास सुरक्षित राहतो. या दोन मर्यादांमधील अंतरावरच सगळी युक्ती आधारलेली आहे.

लेप वितळणे आणि सांधा जुळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. घट्ट अवस्थेतील दोन पृष्ठभाग कितीही दाबले तरी ते फक्त आपापल्या उंचवट्यांवर एकमेकांना भेटतात. लेप वितळला की तो दाबाखाली वाहतो, खळगे भरतो, मधली हवा हुसकतो, आणि आता दोन्ही बाजू रेणूंच्या पातळीवर एकमेकींस भिडतात. सांध्यावरील दाबाचे काम येथेच संपते. पुढचे काम उष्णतेचे आहे. वितळलेल्या बहुवारिकाचे लांब साखळीसारखे रेणू सतत वळवळत असतात. फ्रेंच भौतिकीविद पिएर-झिल द जेन यांनी १९७१ मध्ये या हालचालीचे जे चित्र मांडले, त्यात प्रत्येक साखळी शेजारच्या साखळ्यांनी बनलेल्या अरुंद नळीतून सापासारखी पुढेमागे सरकते. या सरपटीने साखळ्यांची टोके सीमा ओलांडून पलीकडे शिरतात व तेथील साखळ्यांत गुंततात. काही नॅनोमीटर शिरकावही पुरेसा होतो. निवल्यावर ही गुंतागुंत तशीच थिजते. सांध्याचे बळ ते हेच. याचा अर्थ असा, की सांध्यावर दाब वाढवून अपुऱ्या उष्णतेची भरपाई होत नाही. उलट दाब फार झाला तर वितळलेला लेप कडांबाहेर पिळून निघतो आणि मध्ये कोरडा कागद उरतो.

ठोकळा किती वेळ टेकावा? उष्णता बाहेरून, कागदाच्या जाडीतून आत यावयाची आहे. एखाद्या थरातून उष्णता पार होण्यास लागणारा काळ स्थूलमानाने जाडीच्या वर्गास त्या पदार्थाच्या उष्णताविसरणांकाने भागून मिळतो. पट्टीची जाडी ८० मायक्रॉन आणि कागदाचा विसरणांक दर सेकंदास सुमारे ०.१ चौरस मिलिमीटर धरल्यास हा काळ ०.०६ सेकंद येतो. ठोकळ्याचे तापमान वितळणबिंदूच्या बरेच वर ठेवले, तर सेकंदाचा काही अंशच पुरे होतो. हेच सूत्र उलट वापरून पाहावे. अर्ध्या सेकंदात उष्णता कागदात किती खोल जाईल? उत्तर सुमारे ०.२२ मिलिमीटर. पट्टीचे दोन थर वजा केले तरी एखादी नोट निश्चितपणे त्या पल्ल्यात येते. कापसाच्या कागदाला याची फारशी क्षिती नाही. पण नोटेतील सुरक्षा धागा हा प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचा असतो, आणि शाईच्या थरांना वारंवार उष्णता लागणे हिताचे नव्हे.

म्हणून सांध्याच्या जागी पट्टी व नोटा यांच्यामध्ये धातूची एक पातळ जीभ सरकविलेली असते. ती दोन कामे करते : ठोकळ्याच्या दाबास खालून आधार देते आणि उष्णता नोटांपर्यंत जाण्याआधी स्वतःत घेऊन बाजूला पसरविते. सांधा झाल्यावर ही जीभ मागे ओढली जाते. येथे एक मौज आहे. जीभ निघाली की तिच्या जाडीइतकी ढिलाई पट्टीत राहते! ही ढिलाई भरून काढण्यासाठीच सुरुवातीस चळत अतोनात दाबलेली असते. पाटा उठताच दबलेली चळत फुगते, ढिलाई गिळते आणि पट्टी ताणते. म्हणजे तयार पुडक्यातील ताण हा मुख्यत्वे पट्टी ओढणाऱ्या चाकाचा नसून नोटांच्या स्वतःच्या फुगण्याचा आहे. पुडके हीच स्प्रिंग.

उष्णतेनंतर थंडावा येतो आणि तोही यंत्राच्या हिशेबात धरावा लागतो. ठोकळा उठला त्या क्षणी लेप अद्याप द्रव असतो. तेवढ्यात पाटा सोडला, तर फुगणारी चळत ओला सांधा सरकवून टाकते. पट्टी चिकटलेली दिसते, पण इष्ट लांबीहून एक-दोन मिलिमीटर लांब होऊन बसते. म्हणून सांधा थिजेपर्यंत चळत दाबून धरावी लागते. घाईने वेग वाढविलेल्या यंत्राची पुडकी ढिली निघतात याचे एक कारण हे आहे, आणि दोष बहुधा बिचाऱ्या पट्टीच्या माथी मारला जातो. काही यंत्रांत ठोकळ्याऐवजी श्राव्यातीत कंपनांनी सांधा करतात. त्यात उष्णता बाहेरून न येता दोन थरांच्या सीमेवरच उत्पन्न होते, आजूबाजूचा कागद थंड राहतो आणि थिजण्यास अत्यल्प वेळ लागतो.

एकदा नीट झालेला सांधा किती बळकट असतो, हे पाहण्यासारखे आहे. पट्टी ३० मिलिमीटर रुंद व चढाव २५ मिलिमीटर धरल्यास सांध्याचे क्षेत्र ७५० चौरस मिलिमीटर होते. २० न्यूटन ताण त्यावर वाटला, की दर चौरस मिलिमीटरवर ०.०३ न्यूटनहूनही कमी येतो. पॉलिएथिलीन याच्या शंभरपटीहून अधिक सहज सोसते. असा सांधा ओरबाडून उघडला, तर लेप सुटत नाही, कागदाचे तंतू उपटून येतात. सांधा खरा की खोटा, हे ओळखण्याची ही सोपी परीक्षा आहे. सांधा निकामी होतो तो कमी बळकट म्हणून नव्हे, तर मुळात जुळलाच नाही म्हणून : ठोकळा पुरता तापला नव्हता, किंवा नोटांतून झडणारे कापसाचे तंतू व धूळ सांध्यात अडकली. ओलसर नोटांचे तंतू व मळ यंत्राच्या मार्गात अधिक चिकटतात. तेव्हा किनाऱ्याकडील यंत्रास साफसफाई अधिक वेळा लागावी, हे ओघाने येते.

तरीही मूळ अडचण सांध्याची नाही. कागद, मग तो पट्टीचा असो वा नोटेचा, पूर्ण स्थितिस्थापक नसतो. ताणून वा दाबून ठेवला, की तो हळूहळू त्या स्थितीस रुळतो आणि त्यातील ताण उतरत जातो. पहिल्या काही तासांत ही घट वेगाने होते, पुढे मंदावते. तंतूंमध्ये पाण्याचे प्रमाण अधिक असेल तर रुळणे अधिक त्वरेने होते, कारण पाण्याचे रेणू तंतूंमधील हायड्रोजन बंध सैल करतात. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट जाडीची. कागद ओलाव्याने फुगतो तो लांबी-रुंदीपेक्षा जाडीत पुष्कळच अधिक.

समजा, जुलै महिन्यात बुरोंडीसारख्या किनारी भागातील शाखेत भरणा झालेल्या नोटांचे पुडके बांधले गेले. हवा बाष्पाने भरलेली, नोटा मिठाच्या योगाने आणखी दमट. त्या वेळी पट्टी कडक बसली. पुढे तेच पुडके तिजोरी शाखेतून मुंबईच्या वा बेलापूरच्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयाकडे जाऊन कोरड्या, वातानुकूलित खोलीत राहिले. नोटांतील ओल उतरू लागली. १५ मिलिमीटर जाडीचे पुडके केवळ एक टक्का आटले, तरी पट्टीच्या सुमारे १६० मिलिमीटर फेरात ०.३ मिलिमीटर ढिलाई येते. कागदी पट्टी ताणल्यावर जेमतेम तेवढीच लांबलेली असते! पट्टीच्या स्वतःच्या ताणावर विसंबले असते, तर पुडके मोकळेच झाले असते. ते सावरते ते वापरलेल्या नोटांच्या चुण्यांमुळे : चुण्यांची चळत मऊ स्प्रिंगप्रमाणे फुगत राहते आणि आटलेली जाडी काही अंशी भरून काढते. कोऱ्या नोटांत हा गुण नाही. कोरी चळत सपाट, ताठ व घट्ट. तिची जाडी केसाएवढी जरी घटली, तरी ताण एकदम कोसळतो. नवी नोट अधिक नीट बांधली जाते ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे. सुदैवाने कोऱ्या नोटांच्या पुडक्यास क्रमांकांची ओळ ही दुसरी साक्ष असते. वापरलेल्या नोटांना ती नाही.

ताण वाढवून हा प्रश्न सुटेल असे वाटते, पण तेही खरे नव्हे. आयताकृती चळतीवर पट्टीचा दाब सारखा पसरत नाही. तो लांब कडांशी एकवटतो. ताण फार वाढविला, तर वरच्या व खालच्या काही नोटांच्या कडा वळतात, आणि कडा वळलेल्या नोटा छाननीच्या यंत्रात नीट शिरत नाहीत. पट्टी रुंद करणे हा अधिक शहाणपणाचा उपाय. नोटा बांधण्यापूर्वी त्यांना कोरड्या खोलीत काही काळ राहू देणे हा त्याहूनही स्वस्त उपाय आहे. हाताने डिंक लावून पट्टी चिकटविणाऱ्या लहान शाखेस तर दुसरा मार्गच नाही, कारण डिंक वाळेपर्यंत चळत दाबून धरणारा पाटा तिच्यापाशी नसतो आणि रोखपालाचा अंगठा किती वेळ धरणार?

दहा पुडक्यांचे बंडल होते तेव्हा उष्णतेचा उपयोग निराळ्या रीतीने होतो. नोटमुद्रणालयांतील आधुनिक यंत्रमालिकांत बंडलावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवून तो गरम हवेतून नेतात. हा पापुद्रा बनविताना ताणून तसाच थिजविलेला असतो. त्याच्या साखळ्या ताणलेल्या स्थितीत अडकून पडलेल्या असतात. उष्णता मिळाली की त्या सुटतात, पापुद्रा आकसतो आणि बंडल आवळले जाते. पट्टीच्या सांध्यात उष्णतेने साखळ्या गुंततात, येथे उष्णतेने त्या मोकळ्या होतात. शिवाय प्लॅस्टिकचा पापुद्रा बाष्पास अडवितो. त्यामुळे आतील नोटांची जाडी बदलत नाही आणि पुडक्यांतील ताण टिकतो. मात्र दमट नोटा अशा रीतीने बंद केल्या, तर ओलही आतच कोंडली जाते.

छाननीयंत्रात चलनास अयोग्य ठरलेली नोट पुन्हा पुडक्यात येत नाही. तिचे तेथल्या तेथे बारीक तुकडे होतात आणि ते तुकडे दुसऱ्या यंत्रात दाबून त्यांच्या विटा पाडल्या जातात. या विटांसाठी डिंक लागत नाही की पट्टी लागत नाही. कापसाचे तंतू मोठ्या दाबाने एकमेकांत रुततात व गुंततात, आणि किनाऱ्यावरून आलेली ती नोट इतर हजारो नोटांच्या तुकड्यांशी अशी बांधली जाते की तिची वेगळी मोजणी कोणास करावी लागत नाही.